नातवंडांसाठी परदेशी : आजीच्या दिवसाचे तास

न्यूयॉर्क राज्यात २०१० साली घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांचा एक कायदा झाला. दुसऱ्याच्या घरी राहून मुले सांभाळणाऱ्या नॅनीला आठवड्यातून एक पूर्ण दिवस, सलग चोवीस तास, विश्रांती मिळाली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. घरातच राहणाऱ्या नॅनीने आठवड्यात ४४ तासांहून अधिक काम केले, तर वरच्या तासांचा मोबदला दीडपट द्यावा लागतो. विश्रांतीच्या दिवशी ती राजीखुशीने कामावर आली, तर त्याही दिवसाचा दर वाढीव असतो.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, आणि नदीपलीकडच्या न्यू जर्सीतही, असंख्य भारतीय घरांत मुले सांभाळण्याचे हेच काम एक वेगळीच व्यक्ती करत असते. ती पुण्याहून, नाशिकहून किंवा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली असते. तिचे वय साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान असते, रक्तदाबाची गोळी चालू असते, एखादा गुडघा कुरकुरत असतो. सकाळी साडेसातला मुलगा-सून कामाला लागतात आणि सायंकाळी साडेसहाला मोकळी होतात. हे दिवसाचे अकरा तास झाले, आठवड्याचे पंचावन्न. रात्री बाळ उठले की तिचीही झोप मोडते. शनिवार-रविवारी दोघांना जरा निवांत मिळावे म्हणून स्वयंपाकघर तिच्याकडे येते. तिला कोणी नॅनी म्हणत नाही आणि म्हणूही नये; ती आजी आहे. पण तिच्या कंबरेला आणि हृदयाला हा फरक कळत नाही.

आजीला बोलावण्याची वेळ का येते, हे आधी समजून घेतले पाहिजे, म्हणजे मुलांवर अन्याय होणार नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३च्या कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, ठरावीक काळ नोकरी झाली असेल तर, बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. काही राज्यांनी स्वतःच्या पगारी रजेच्या योजना केल्या आहेत, काही कंपन्या उदार असतात. तरीही तीन-चार महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर परतणाऱ्या आया तेथे सर्रास दिसतात. तान्ह्या बाळाच्या डेकेअरचा खर्च अनेक शहरांत महिन्याला हजार-दीड हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि बाळ तापले की डेकेअर त्याला घेत नाही. अशा वेळी आई-वडिलांना बोलावणे हा स्वार्थ नसतो, नाइलाज असतो. भेटीसाठीच्या व्हिसावर गेलेल्यांना बहुधा सहा महिने राहता येते. म्हणून मग पाळ्या लागतात : पहिले सहा महिने माहेरचे आजी-आजोबा, पुढचे सहा महिने सासरचे. एका पाळीची आजी विमानतळावर उतरते आणि दुसऱ्या पाळीची तिच्या हाती दुपटी देऊन निघते.

मूल सांभाळण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या भारतीय स्त्रिया काही आजच्या नाहीत. ‘आया’ हा आपल्या तोंडी रुळलेला शब्दच पोर्तुगीजांकडून आला. इंग्रजांच्या काळात साहेबाची मुले बोटीवर सांभाळायला आया विलायतेला जात. त्यांतील काहींना तेथे पोहोचताच नोकरीवरून दूर केले जाई आणि परतीच्या प्रवासाची सोय होईपर्यंत त्या लंडनमध्ये अडकून पडत. त्यांच्यासाठी तेथे आश्रयगृह होते. हॅकनी भागातील त्या वास्तूवर २०२२ साली स्मरणफलक लागला. त्या आयांची अवस्था आणि आजच्या आजींची अवस्था यांची तुलना होऊ शकत नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की, परक्या देशात दुसऱ्याच्या घड्याळावर मूल वाढवणे हे त्याही काळी काम होते आणि आजही आहे.

नातवंडांचा सहवास प्रकृतीला चांगला की वाईट? ‘किती तास?’ हे विचारल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. मेलबर्नमध्ये साधारण सत्तावन्न ते अडुसष्ट वयाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या आजींची स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतील कामगिरी सर्वांत चांगली होती. पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्यांची मात्र आकलनाचा वेग तपासणाऱ्या एका चाचणीत स्पष्टपणे कमी भरली. मुले आपल्याला गृहीत धरतात, अशी भावनाही याच आजींमध्ये अधिक होती. अभ्यास लहान होता आणि त्यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण परदेशी गेलेली आपली आजी पाच दिवसांच्या गटातच मोडते.

शरीरापासून सुरुवात करू. अमेरिकेत खाली सरकणाऱ्या कठड्याच्या पाळण्यांवर २०११ पासून बंदी आहे, कारण तो कठडा निसटून बालके दगावली होती. नियम योग्यच आहे. मात्र त्यामुळे पाच फूट उंचीच्या आजीला स्थिर कठड्यावरून ओणवे होऊन, हात लांब करून, झोपलेले बाळ अलगद गादीवर टेकवावे लागते. बाळ वर्षाचे झाले की नऊ-दहा किलोचे असते. एवढे वजन लांबवलेल्या हातांनी, पाठीत वाकून, दिवसातून आठ-दहा वेळा उचलणे म्हणजे मणक्यांची परीक्षा. बाळ बसू लागेपर्यंत गादी वरच्या पातळीवर ठेवता येते; तोवर ती वरच ठेवायला सांगावे. उचलताना बाळ आधी छातीशी घ्यावे, मग गुडघ्यांतून उठावे, पाठीतून नव्हे. उंची पुरावी म्हणून डगमगत्या स्टुलावर चढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गादी खाली गेल्यावर पाळण्यात ठेवण्या-काढण्याचे काम शक्य तेवढे घरातील तरुण माणसाने करावे. यात आजीचा कमीपणा काहीच नाही.

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस कळ येऊ लागली, तर ती थंडीमुळे आहे असे समजून तेल चोळत बसू नये. बाळाला काखेत हात घालून, अंगठे ताणून वारंवार उचलल्याने तेथील स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येते. बाळंतिणींमध्ये ही तक्रार नेहमीची आहे आणि आजीलाही ती होते. तळहात वर करून, पंजा बाळाच्या बुडाखाली घेऊन उचलण्याची सवय केली की ताण कमी होतो. अंगठ्याला आधार देणारा पट्टाही मिळतो.

जिना हा आणखी एक विषय. तिकडची घरे बहुधा दुमजली, लाकडी. पायऱ्यांवर गालिचा आणि आजीच्या पायांत थंडीमुळे मोजे. बाळ कडेवर असताना एक हात कठड्यावर हवाच. म्हणजे त्याच फेरीत दुधाची बाटली, दुपटे आणि फोन नेता येत नाही. दुसरी फेरी मारावी. हिवाळ्यात अंगणातील पातळ बर्फ दिसत नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. अशा दिवशी बाबागाडी बाहेर काढू नये, मग नातू कितीही हटून बसो.

आता जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी बोलली जाते, तिच्याकडे वळतो. रांगत्या-चालत्या मुलाच्या घरात सर्वांत धोकादायक वस्तू कोणती? सुरी नव्हे, शेगडीही नव्हे. आजीची औषधांची डबी. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या वर्गातील एक गोळी लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि हा परिणाम कित्येक तासांनीही दिसू शकतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनच्या वर्गातील गोळ्याही एवढ्या लहान जिवाला घातक ठरू शकतात. लोहाच्या लालसर गोळ्या मुलांना खाऊच वाटतात. अमेरिकेत १९७० च्या कायद्यामुळे औषधांच्या बाटल्यांना मुलांना सहज न उघडणारी झाकणे असतात. पण आपण कौतुकाने नेलेली सोमवार-मंगळवारच्या खणांची प्लास्टिकची डबी दीड वर्षाचे मूल सहज उघडते. पर्समधील गोळ्या, उशाखालची डबी, नाश्त्याच्या बशीत आधीच काढून ठेवलेली गोळी, ही तर खुली निमंत्रणेच. औषधे कुलपात किंवा उंच बंद कपाटात असावीत. गोळी मुलासमोर घेऊ नये, आणि त्याला औषध देताना ‘खाऊ’ तर मुळीच म्हणू नये.

एखादी गोळी कमी भरली आणि मुलाने ती खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. अमेरिकेत विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे. तो विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो, आणि दुभाष्याची मदत मागता येते. मूल बेशुद्ध असेल, आचके देत असेल किंवा श्वास अडत असेल तर ९११. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा जुना उपाय करू नये. हे दोन्ही क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि मुलाचे वजन मोठ्या अक्षरांत लिहून शीतकपाटाच्या दारावर लावून ठेवावे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही इंग्रजीत आठवत नाही.

आजीच्या स्वतःच्या औषधांचे गणितही निघण्यापूर्वी मांडावे लागते. परदेशी प्रवाशाने अमेरिकेत नेताना साधारणपणे ९० दिवस पुरतील एवढीच औषधे न्यावीत, असा तेथील संकेत आहे. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पुढची तजवीज डॉक्टरांशी आणि मुलांशी बोलून आधीच करावी. औषधे हातातल्या सामानात, मूळ वेष्टनात असावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे. आपली पॅरासिटामॉल तेथे अॅसिटामिनोफेन या नावाने मिळते, एवढे माहीत नसल्यानेही तापाची रात्र अवघड जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दहा-बारा तासांच्या कालफरकात मात्रा कशी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आणखी एक : डांग्या खोकला तान्ह्या बाळांना प्रसंगी प्राणघातक ठरतो. म्हणून बाळाला हातात घेण्यापूर्वी किमान दोन आठवडे आजी-आजोबांनी टीडॅप ही लस घ्यावी, तसेच फ्लूचीही, असे तेथील डॉक्टर सांगतात.

विम्याविषयी थोडक्यात, पण स्पष्ट लिहितो. स्वस्त पॉलिसीत पूर्वीचे आजार बहुधा वगळलेले असतात आणि सत्तरीनंतर संरक्षणाची रक्कम घटते. कागदावर सही करण्यापूर्वी मुलाने नव्हे, आजी-आजोबांनी स्वतः विचारावे की, मला हृदयविकार आहे, तेथे झटका आला तर हा विमा काय देईल? साधा ताप, खोकला, लघवीची जळजळ यांसाठी ‘अर्जंट केअर’ दवाखाने असतात. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागापेक्षा त्यांचा खर्च बराच कमी असतो. छातीत दुखले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र बिलाचा विचार न करता ९११. लेकाला खर्च पडेल म्हणून दुखणे अंगावर काढण्याची आपल्या पिढीची सवय परदेशात फार महाग पडते.

बाळ वाढवण्याच्या पद्धतीवरून सासू-सुनेत, आणि तेवढ्याच वेळा आई-लेकीतही, तेथे पहिले खटके उडतात. आजी हौसेने मोहरीची उशी शिवून नेते आणि सून सांगते की पाळण्यात उशी नको, गोधडी नको, बाळ पाठीवरच झोपेल. मनाला लागते. पण यात आजीने हार मानावी. १९९४ साली अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढे जवळपास निम्म्यावर आले. वर्षाच्या आत मध चाटवू नये, हेही खरे; मधातील जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. अनेक काजळांत शिसे आढळले आहे. ओवा-वेखंडाची धुरी बाळाच्या फुप्फुसांना नकोच. शिवाय तेथे ती दिली की छतावरचा धूरसूचक कर्कश ओरडू लागतो आणि झोपलेले बाळ दचकून रडू लागते.

मात्र सुनेनेही समजून घ्यावे की आजीची सारी शिदोरी टाकाऊ नसते. तेलाचे हलके मालीश, मांडीवर घेऊन म्हटलेली गाणी, मऊ वरण-भात, नाचणीचे सत्त्व आणि दिवसभर चालणारी मराठी बडबड यांची बरोबरी कोणतेही महागडे खेळणे करू शकत नाही. आजीच्या सहा महिन्यांत मूल ‘पाणी’, ‘चिऊ’, ‘भूर’ म्हणू लागते. पुढे शाळेत इंग्रजी आपोआप येते. हे शब्द आपोआप येत नाहीत.

आणि एकटेपणा. तो गर्दीच्या घरातही असतो. उपनगरांत पायी जाण्यासारखे दुकान नसते, गाडी चालवता येत नाही, शेजारी दिवसभर दिसत नाही. डिसेंबरात न्यूयॉर्ककडे सायंकाळी साडेचारला सूर्य मावळतो. घरात दोघे असतात, पण दोघेही बंद दारामागे मीटिंगमध्ये. बाळाचा आवाज जाऊ नये म्हणून आजी त्याला घेऊन तळघरात बसते. तिकडे पुण्यात आजोबा एकटे, डब्यावर, आणि त्यांची साखर कोण पाहते याची हिला चिंता. भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, उगाच डोळे भरून येणे ही लक्षणे ‘हवामान मानवत नाही’ म्हणून सोडून देऊ नयेत. पंधरा दिवसांहून अधिक टिकली तर मुलांना सांगावीत आणि भारतातील आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलावे.

बाहेर पडण्याची उत्तम जागा म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. तेथे लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, तो विनामूल्य असतो, आणि तेथे नेपाळी, फिलिपिनो, कॅरेबियन नॅनी आणि चिनी आज्या भेटतात. भाषा जुळत नाही, पण दात येताना सगळीच मुले सारखी रडतात. ओळख व्हायला तेवढे पुरते. गंमत अशी की, तेथील नॅनी पाच वाजता घड्याळ पाहून उठते आणि आजी तिच्याकडे जराशा असूयेने पाहते. महाराष्ट्र मंडळे आहेत, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत. पण तेथे नेऊन सोडणारे कोणीतरी हवे, आणि ते मुलाने आठवड्याच्या वेळापत्रकात आधीच लिहायला हवे.

तासांविषयी बोलायचे ते तिकीट काढण्यापूर्वी. विमानातून उतरल्यावर हे बोलणे रुसव्यासारखे वाटते. दिवसात दुपारची दीड तास सलग विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस बाळ आणि स्वयंपाक दोन्हींपासून सुटी, रात्रीचे उठणे आई-बापांकडे, आणि बाळ दहा महिन्यांचे झाले की आठवड्यातून दोन दिवस तरी डेकेअर किंवा काही तासांची मदतनीस. एवढे मागणे अवाजवी नाही. ‘अहो, आपलेच लेकरू, त्याचे काय तास मोजायचे?’ असे आजोबाच पहिल्यांदा म्हणतील. त्यांना सांगावे की, तास मोजले तरच पुढच्या वर्षी पुन्हा यायला अंगात बळ राहील. ज्या मुलांना हे बोलणे टोचते, त्यांनी सहा महिन्यांच्या नॅनीच्या पगाराचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. आईला पैसे देण्यासाठी नव्हे, सुटी देण्यासाठी.

निघण्याची तारीख जवळ येते तेव्हा मूल बहुधा नऊ ते पंधरा महिन्यांच्या मध्ये असते, म्हणजे ओळखीचे माणूस दृष्टीआड झाले की कासावीस होण्याच्या नेमक्या वयात. त्याला झोपवून गुपचूप निघून जाऊ नये. आधीचे दहा-बारा दिवस सांभाळणारी नवी व्यक्ती आजीच्या सोबतीने घरात वावरावी. भरवण्याचे, मग झोपवण्याचे काम हळूहळू तिच्याकडे जावे. बाळ कोणत्या गाण्याला झोपते, कोणत्या कुशीवर रडते, पोट बिघडले की कशाने उतार पडतो, हे आजीने एका वहीत लिहून ठेवावे. दीड वर्षाखालील मुलांना पडदा नको, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पण जवळच्या माणसाशी बोलण्यासाठीचा व्हिडिओ कॉल तिने त्यातून वगळला आहे.

परतल्यावर आठवडाभर आजीची झोप उलटीपालटी असते. रक्तदाब, साखर आणि राहून गेलेल्या तपासण्या याच आठवड्यात उरकाव्यात. पहाटे तीनला टक्क जाग येते, तेव्हा तिकडे सायंकाळचे साडेचार-साडेपाच झालेले असतात. मूल दुपारची झोप काढून उठलेले असते आणि फोन लावला तर पडद्याला बिस्किट भरवायला धावते.